तापीच्या पुरात डावं इंजिन

मी सोनगीरचा. फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला सॅपर होतो, इंजिनं सांभाळणं हे माझं काम. पोस्टिंग कायम दूरची मिळाली. घरच्या मुलखात, खान्देशात, वर्दी घालून पहिल्यांदा आलो तो पुरासाठी. तापी फुगली होती आणि रावेर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावाला पाण्याने वेढलं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका गावाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

आमची बोट अ‍ॅल्युमिनियमची, रुंद बुडाची. मागे डेकखाली दोन डिझेल इंजिनं, अगदी जुळी. दोघांच्या मधे पत्र्याची भिंत. हवा ओढायला प्रत्येकाला आपल्या बाजूची एक जाळी, मागच्या बाकाला लागून. नायक यादव स्टिअरिंगवर असायचे. बोटीचे कमांडर हवालदार शेलार, महाडकडचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. मी खान्देशी म्हणून त्यांच्या थट्टेतून कधी सुटलो नाही.

"बैसाणे, तुझ्या घरचं भरीत टाकलं तर हे इंजिन डिझेलशिवाय चालेल," ते म्हणायचे.

"टाकू का उस्ताद? मग थांबणार नाही ते."

लोक पलीकडे शाळेच्या टेकाडावर जमले होते. गावातली माणसं शाळेच्या इमारतीत, गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं कुंपणाजवळ ताडपत्रीखाली. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे वडील जत्रेत चादर पसरून चळवळीच्या पुस्तिका विकायचे आणि मी अक्षरं त्या पुस्तिकांवरच शिकलो. अशी कुंपणं मला लांबून ओळखू येतात. पण मी ड्युटीवर होतो. इंजिनाकडेच बघत राहिलो.

जाताना बोट सरळ गेली. लोकांना घेऊन परत निघालो आणि पाण्याच्या मध्यावर डाव्या इंजिनाचा आरपीएम काटा खाली बसायला लागला. थ्रॉटल दोन्ही सारखे होते, तरी डाव्या एक्झॉस्टमधून काळा धूर आणि बोटीचं नाक डावीकडे. डावीकडे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, बुडालेला जुना पूल होता. त्याच्या खांबांना उन्मळलेली झाडं अडकली होती. यादवांनी उजवं इंजिन कमी करून दोन्ही जुळवली आणि बोट कशीबशी काठाला आणली.

"लंगडी घालत आलो," शेलार उस्ताद म्हणाले. "खोल."

लेफ्टनंट साहेब काठावर उभे होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "इंजिन भरवशाचं नसेल तर ही बोट मी पाण्यात सोडणार नाही." दुसरी बोट लहान होती आणि खालच्या गावात गुंतली होती. आमची थांबली तर टेकाडावरची माणसं तिथेच राहणार, आणि पाणी शाळेच्या पायऱ्यांना लागलं होतं.

शेलार उस्तादांची पद्धत साधी होती. जुळी इंजिनं असली की एक दुसऱ्याची साक्ष देतं. चांगल्याचा भाग आजाऱ्याला लावायचा, आजाऱ्याचा चांगल्याला, आणि दोष कुठे जातो ते बघायचं. आम्ही काटे अदलाबदल केले. काटा खरं बोलत होता. डिझेल फिल्टर अदलाबदल केले. दोष डावीकडेच राहिला. थ्रॉटलची केबल पंपाचा दांडा पूर्ण ओढते का, ते हात लावून बघितलं. ओढत होती. मग मी पाण्यात उतरलो. डाव्या पंख्याला केळीच्या खांबाचं सोपट आणि ठिबकची काळी नळी गुंडाळलेली होती. वरच्या सगळ्या बागा नदीत आल्या होत्या.

"सापडलं, उस्ताद," मी म्हणालो आणि सुरीने सगळं कापून काढलं.

रिकाम्या बोटीची ट्रायल घेतली. दोन्ही काटे बरोबरीत. उस्तादांचं समाधान झालं नाही. "लोड टाक," ते म्हणाले. आमचे जवान बोटीत चढले, गाडीत बसतात तसे, दोन फायलींत म्हणजे रांगांत, निम्मे इकडे निम्मे तिकडे, पिशव्या पायाशी. पूर्ण थ्रॉटल दिला. दोन्ही इंजिनं सारखी गरजली. साहेबांनी मान हलवली.

शेलार उस्तादांनी वायरलेसवर कळवलं, "तापी बेस, तापी वन. निघतोय. ओव्हर."

"तापी वन, बेस. पूल सांभाळा. ओव्हर."

टेकाडावर लोक घेतले आणि परत फिरलो. मध्यावर आलो तसा डावा काटा पुन्हा खाली. पुन्हा काळा धूर. या वेळी प्रवाह जास्त होता. नाक पुलाकडे वळलं आणि यादव ओरडले, "उस्ताद, खींच रही है!"

पुलाला अडकलेलं एक मोठं झाड समोर येत होतं. शेलार उस्तादांनी लांब बांबू उचलला आणि ते पुढच्या टोकाला गेले. जाता जाता मला म्हणाले, "बैसाणे, जवान बसले तर चालतं. ही माणसं बसली की मरतं. माणसांत बघ."

मी मागे वळलो आणि मला दिसलं. गावातले लोक पुढे आणि मधे बसले होते. मधल्या बाकावर जागा होती, पण ती पिशव्या ठेवून अडवलेली. वस्तीतली माणसं सगळ्यात मागे. मागचा उजवा कोपरा दोर आणि फर्स्ट एडच्या पेटीने भरलेला, म्हणून सगळी डाव्या कोपऱ्यात दाटीने. त्यांचं सामान ठेवायला दुसरी जागा कुणी दिली नव्हती. गोधड्यांची गाठोडी, प्लास्टिकचे कागद, धान्याची पोती, सगळं डाव्या जाळीवर रचलं होतं. त्याला टेकून एक म्हातारी बसली होती. इंजिनाला हवाच मिळत नव्हती. जवानांच्या ट्रायलमध्ये हे दिसणं शक्य नव्हतं. जवान असे बसत नाहीत.

"अक्का, उठ. पुढे चाल."

"कायले रे भाऊ? आम्ही मांगेच बसतो."

"आठे बठ्ठा सारखा शेतस, अक्का. चाल."

इथे सगळे सारखेच, हे मी माझ्या अहिराणीत म्हणालो आणि तिचा दंड धरून तिला मधल्या बाकाशी आणलं. तिथल्या माणसाने पिशवीवर हात ठेवला. मी पिशवी उचलून त्याच्या मांडीवर दिली. तो सरकला. गाठोडी मी जाळीवरून ओढून बोटीच्या मधे फेकली. एका पोराची आई मला शिव्या देत होती, तिचा संसार होता तो. धूर आधी करडा झाला, मग थांबला. डाव्या इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि काटा उजव्याच्या बरोबरीला आला. यादवांनी बोट फिरवली.

त्याच वेळी शेलार उस्ताद बांबूने झाड लोटून धरत होते. त्यांनी ते धरलं नसतं तर आम्ही इंजिन शुद्धीवर येण्याआधी खांबावर गेलो असतो. बोट सुटली तशी दाबलेली फांदी उसळली. ती त्यांच्या छातीवर बसली. मी वळलो तेव्हा पुढचं टोक रिकामं होतं.

मी वायरलेस उचलला. "बेस, तापी वन. मॅन ओव्हरबोर्ड. हवालदार शेलार. पुलाखाली गेले. ओव्हर."

खरखरीतून मग साहेबांचा आवाज आला.

"तापी वन, पॅसेंजर पोहोचवा. दुसरी बोट सोडतो. ओव्हर."

"रॉजर."

आम्ही पॅसेंजर पोहोचवले आणि पुन्हा गेलो. टेकाडावर अजून माणसं होती. चढायच्या जागी आता मी उभा राहिलो. सांगितलं, गाव नाही, वस्ती नाही, जो आधी उभा तो पुढे. सामान मांडीवर. मागच्या जाळ्या मोकळ्या.

पांढऱ्या टोपीचे एक नाना म्हणाले, "भाऊ, आमच्या बाया यांच्यासोबत कशा बसतीन?"

"नाना, पाणी चढतंय. बसायचं का थांबायचं?"

ते बसले. त्यांच्या बाया त्यांच्या आधीच बसल्या होत्या. शेवटचा माणूस उतरेपर्यंत दोन्ही काटे एका रेषेत राहिले.

शेलार उस्ताद पाणी ओसरल्यावर खालच्या एका केळीच्या बागेत सापडले. लाइफ जॅकेटचे बंद नीट बांधलेले होते. यादव आणि मी त्यांना उचललं. त्यांच्या घरी मी पार्थिवासोबत गेलो. वहिनींनी एवढंच विचारलं, "बोटीतले सगळे पोचले ना?" मी म्हणालो, "सगळे."

माझी मुदत संपली. आता धुळ्यात हायवेलगत माझं वर्कशॉप आहे. पंप येतात, जनरेटर येतात. गिऱ्हाईक म्हणतं, रिकामं तर चांगलं चालतं. मी म्हणतो, जिथे चालवता तिथे नेऊन दाखवा.

त्या गावात शाळेच्या पटांगणावर दर पावसाळ्यात शेलार उस्तादांचा स्मृतिदिन करतात. मी जातो. भाषण करत नाही. कोण कुठे बसलंय ते बघतो. पहिल्या वर्षी वस्ती पुन्हा मागे, कुंपणाजवळ बसली होती. मी माझी खुर्ची उचलून तिथे नेली आणि पाहुण्यांची पंचाईत झाली. पुढच्या वर्षी वस्तीतले काही जण उठून पुढे आले. गावातल्या काहींनी रिकाम्या खुर्च्यांवर पिशव्या ठेवल्या. त्या मी उचलल्या.

यंदा पोचायला मला उशीर झाला. पटांगण भरलं होतं. पहिल्या ओळीत, अगदी मधोमध, बोटीतली अक्का बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी बसायला गेलो तर तिने त्या खुर्चीवर हात ठेवला.

"इथं नको बसू भाऊ. हे हवालदाराची जागा हाये. तू मांगे बस."

मी मागे जाऊन उभा राहिलो. तिथून सगळे दिसत होते.