व्यायामशाळेच्या बारा खिडक्या

शाळेतली मुलं तिला पोलीसबाई म्हणायची. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकवीस वर्षं ती व्यायामशाळेची फरशी पुसत आली होती, आणि बूट घालून आत शिरणाऱ्या एका साहेबालाही तिने दारातूनच परत फिरवलं होतं. "पाय काढा आधी!" म्हणाली होती. म्हणायचं होतं बूट, पण रागाच्या भरात शब्द निवडत बसणारी बाई ती नव्हे.

ही फरशी दगडाची नव्हती. रबरासारखी मऊ, एकसंध ओतलेली, विटकरी रंगाची. पडलं तरी गुडघा फुटायचा नाही. तिच्यावर धुळीचा कण दिसला की पोलीसबाईचं डोकं फिरायचं. म्हणून बाराच्या बारा खिडक्या ती डोळ्यांत तेल घालून बंद ठेवायची. काचेतून ऊन आत यायचं, धूळ बाहेर राहायची, फरशी चकचकीत आणि कोमट. मुख्याध्यापक चारचौघांत तिची पाठ थोपटायचे. फुकटची शाबासकी वाटायला त्या माणसाचं काय जात होतं?

तिची लेक याच हॉलमध्ये खेळाची शिक्षिका होती. तिला पाचवा महिना लागला होता. तरी दिवसाचे सहा तास ती मुलांबरोबर त्या फरशीवर बसायची, त्यांना वाकायला, लोळायला शिकवायची.

एका कोपऱ्यात फरशीला फुगवटा आला तेव्हा एक म्हातारा मिस्त्री पाहायला आला. त्याने नखाने तुकडा उकरला आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, हा जुना माल आहे. घट्ट व्हावा म्हणून यात पारा घालायचे. तापला की तो हवेत उतरतो. वास नाही, रंग नाही, काही कळत नाही. पोटुशी बाईने आणि पोरांनी तर इथे बसूच नये."

हे पालकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मुख्याध्यापकांना धारेवर धरलं. हवा मोजायचं ठरलं. मोजणीच्या तीन दिवस आधी मुख्याध्यापक स्वतः हॉलपर्यंत चालत आले. "मावशी, सगळ्या खिडक्या उघडा. पंखेही चालू ठेवा. पाहुणे यायचेत, हवा खेळती बरी."

पोलीसबाई धुसफुसली. धुळीचं काय? पण पाहुण्यांसाठी घर उघडायचं असतं एवढं तिलाही कळत होतं. तिने बाराही खिडक्या आपल्या हाताने उघडल्या. मोजणीवाली आली, हातातलं यंत्र फरशीजवळ धरून हॉलभर फिरली, आपला फोन नंबर देऊन गेली. आठवड्याने फलकावर कागद लागला: हवा सुरक्षित आहे. लेकीने घरी येऊन आईला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक पुन्हा आले. "मावशी, लावा आता खिडक्या. फरशीची रया गेली बघा."

पोलीसबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. टकुऱ्यात प्रकाश पडायला एवढं एक वाक्य पुरलं.

"सर, यंत्र आलं तेव्हा उघड्या, आणि पोरं खेळणार तेव्हा बंद?"

"तुम्ही फरशी बघा. विज्ञान आमच्यावर सोडा."

"पाहुणे कुठले, सर? हवेला नटवून बसवलंत तुम्ही!"

"आवाज खाली. कागदावर सही झालीय. शाळेचं नाव आहे, मावशी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. माझी पोर पोटुशी आहे!"

"मग तिने रजा घ्यावी," तो म्हणाला आणि वळला. असल्या माणसांचा आवाज कधी चढत नाही. त्यामुळेच ते जास्त संतापजनक असतात. पोलीसबाई दातओठ खात त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मग तिने हुकूम अगदी तंतोतंत पाळला. शुक्रवारी दुपारी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. लेकीला सांगितलं, "सोमवारी वर्ग मैदानावर घे. विचारू नकोस." मोजणीवालीला फोन करून पहिल्या वेळचं सगळं सांगून टाकलं. "आता आमची रोजची हवा मोजा," म्हणाली.

सोमवारी अकराला, ऊन फरशीवर पसरलेलं असताना, कुलूप उघडलं. मोजणीवाली आत गेली, यंत्र खाली धरलं, आणि दोन मिनिटांत तोंडावर रुमाल धरून बाहेर आली. आकडा तिने मुख्याध्यापकांना दाखवला. पहिल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त होता. त्यांचा चेहरा पडला. पोलीसबाईला ते बघून मनापासून बरं वाटलं. का वाटू नये?

"हॉल आजपासून बंद," मोजणीवाली म्हणाली आणि तिने कागद काढला. "खिडक्या रोज अशाच असतात?"

"रोज."

"कोण लावतं?"

मुख्याध्यापकांनी तत्परतेने पोलीसबाईकडे बोट केलं.

"मीच लावते. लिहा," ती ताठ मानेने म्हणाली. "आणि मोजणीच्या वेळी कुणी उघडायला लावल्या, तेही खाली लिहा."

"किती वर्षं लावताय?"

"एकवीस." हे उत्तर देताना तिचा आवाज जरा उतरला.

लेक मैदानावरून येऊन केव्हाची पायरीवर उभी होती. आई या कामाला लागली तेव्हा ती पाच वर्षांची होती. शाळा सुटल्यावर आईचं पुसून होईपर्यंत ती हॉलमध्येच थांबायची. आई तिला उन्हाने तापलेल्या कोपऱ्यात, उबदार फरशीवर निजवायची. वारा लागू नये म्हणून तिथली खिडकी तर आधी लावायची.

"आई," लेक पोटावर हात ठेवून म्हणाली, "मी रोज तिथेच झोपायचे ना गं?"

पोलीसबाई तडक आत गेली आणि उघडायला म्हणून त्या कोपऱ्यातल्या खिडकीची कडी ओढू लागली. मोजणीवाली बाहेरून ओरडत होती की आता आत थांबू नका, बाहेर या.