यादीत नाव नसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या गावाला

"तनू दोन दिस झाले जेवून न्हाई राहिली. सहावीत जातच न्हाई म्हणते," ताईचा फोन आला आणि मी त्याच दिवशी पुण्याहून नांदेडच्या गाडीत बसले. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या यादीत माझ्या भाचीचं नाव आलं नव्हतं. निवडक मुलांचीच ती शाळा. मी तिथंच शिकले. 'त्या शाळेनं मला घडवलं' हे तनूला ऐकवून ऐकवून तिच्या डोक्यात ते स्वप्न भरवणारीही मीच.

गाडीत आठवली सविता राठोड. आमच्या गावालगतच्या तांड्यावरची, पाचवीपर्यंत माझ्याच बाकावर बसणारी. परीक्षा दोघींनी दिली. माझं नाव यादीत शेवटून दुसरं होतं, तिचं नव्हतंच. आता ती सिद्धेश्वर धरणाजवळ जनावरांची डॉक्टर आहे. तिला फोन लावला, तर म्हणाली, "पोरीला घेऊन ये. बाकीचं मी बघते."

नांदेडहून हिंगोलीच्या एसटीत बसा (बायकांना अर्धं तिकीट) आणि वारंगा फाट्यावर उतरून गरम भजी खा. तेल बोटांना लागतं, पण प्रवासाचा शीण जातो. तिथून ताईचं आखाडा बाळापूर जवळच. एप्रिल होता, वाटेत जागोजागी उकडलेली हळद वाळत घातलेली. ताईच्या घरी तनू भिंतीकडे तोंड करून पडली होती. "उद्या धरण बघायला जायचं," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं हिंगोली, तिथून औंढा, पुढं शेअर रिक्षा. सकाळीच निघा, अकरानंतर ऊन सोसत नाही. सिद्धेश्वरला पूर्णेचं निळं पाणी दिसलं आणि तनू पहिल्यांदा बोलली, "केवढं!" सविता स्कूटीवर आली. मिठी मारतेय तोवर तिचा फोन वाजला. म्हैस अडली होती.

"बसा मागं दोघी!"

गोठ्यात मालक रडकुंडीला आलेला. रेडकाचा एक पाय आत दुमडला होता. सवितानं खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ केला, दोरी बांधली. "म्हशीनं कळ दिली की ओढायचं. एरवी न्हाई. तनू, तू बी धर!" आम्ही तिघी आणि मालक ओढत राहिलो. रेडकू बाहेर आलं, पण हलेना. सवितानं त्याचं तोंड पुसलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. एक शिंक! मग दुसरी! तनू किंचाळलीच, "मावशी, जितं हाय!"

हात धुऊन आम्ही चहा घेतला. सविता माझ्याच बाकावरची, तिचंही नाव त्या यादीत नव्हतं, हे मी तनूला सांगितलं. तनूनं थेट विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमचं बी नाव न्हाई आलं, तवा वाईट वाटलं?"

"व्हय तर. आठ दिस रडले."

"मग ती शाळा चांगली न्हाईच का?"

"चांगलीच हाय. खोटं काहून बोलू? तुझ्या मावशीला प्रयोगशाळा होती, पुस्तकं होती. मी बारावीपर्यंत परीक्षानळी हातात धरली न्हाई. लई तकलीफ झाली. पण डोकं माझ्याजवळच होतं ना. अन् जे नव्हतं, ते मागायची अक्कल मला उशिरा आली. तू आधीच माग."

मग दोघींचे दहावीचे गुण निघाले. गणितात ती माझ्यापेक्षा तीन गुणांनी पुढं! आम्ही दोघी खदखदून हसलो, पण माझं हसू थोडं उशिराच आलं.

धरणावरचे तळलेले मासे तनूनं एकटीनं संपवले.

पुण्यात परतले. शाळेनं मला धीटपणा दिला, रात्री वाचत बसायला जागा दिली, ते मी नाकारत नाही. पण 'तिनंच घडवलं' हे आता एका दमात म्हणवत नाही. दोन नावांमधली यादीची रेघ मी एवढी वर्षं भिंत समजत होते.

जूनमध्ये तनूचा फोन आला, धापा टाकत. गावातल्या शाळेत प्रवेश घेताना तिनं हेडसरांना विचारलं होतं, प्रयोगाची खोली कुठाय? किल्ली कुणालाच सापडेना.

"मग?"

"मग काय! सरांनी कुलूप तोडलं, मावशी! आमी सहा पोरी झाडून राहिलो!"