माहेरच्या मरळी

प्रबंध बांधणीला टाकायच्या आदल्या आठवड्यात माझी झोप उडाली होती, आणि जो बोलेल त्याच्यावर मी खेकसत होते. कंधारहून आई फोनवर म्हणायची, "अगं, माशांचंच आहे ना ते? एवढं काय घाबरायचं?" मी फोन ठेवून द्यायचे. म्हणे एवढं काय! चार वर्षं गेली होती माझी.

मांजरा नदी लातूरकडून येते आणि देगलूरच्या अंगानं खाली जाते. मधे एक बंधारा आहे. माझा प्रश्न एवढाच होता की बंधाऱ्याच्या वरची मरळ आणि खालची मरळ अजून एकमेकींत मिसळतात, की त्यांची कायमची ताटातूट झालीय. मासा धरायचा, शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत टाकायचा आणि मासा पाण्यात सोडून द्यायचा. नांदेडला प्रयोगशाळेत त्या तुकड्यांचा डीएनए तपासला, तर दोन्हीकडच्या मरळी एकाच घरच्या निघाल्या. पुरात बंधारा बुडतो तेव्हा खालच्या मरळी वर चढतात, नदी अजून तुटलेली नाही, असं मी लिहून टाकलं. माझे मार्गदर्शक सर खूश झाले.

पण एक गोष्ट मला खात होती. वरच्या मरळींत विविधता अगदीच कमी होती, जणू सगळ्या दोन-चार आयांच्याच लेकी. पुरासोबत दरसाल नव्या मरळी येत असतील तर असं कसं होईल? मी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप टाकली, 'नमुने कमी पडले असावेत.' त्या 'असावेत'नं माझा जीव टांगणीला लावला होता.

मुखपृष्ठाला बंधाऱ्याच्या वरच्या डोहाचा फोटो हवा, असं स्वतःला सांगत मी एसटीनं वरच्या गावी गेले. तिथल्या मावशी म्हणजे भोयाच्या घरची बाई. त्यांच्या नवऱ्याच्या जाळ्यातल्या मरळी मी तपासल्या होत्या. मी कापायचे तेव्हा मासा त्याच घट्ट धरायच्या आणि मला दम द्यायच्या, "आगं हळू, तिलाबी दुखतंय."

पेढे हातावर ठेवून मी म्हणाले, "मावशी, तुमची मरळ अन् देगलूरकडची मरळ एकच निघाली! पुरात बंधारा ओलांडून येतात त्या."

मावशी हसल्या. "येत्यात कशाच्या! आमीच आनल्यात की."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"त्या मोठ्या दुष्काळात ह्यो डोह पार वाळला बग. एक मासळी उरली न्हाई. माजं माहेर खाली, बंधाऱ्याच्या तिकडं. आमच्यात भाऊबीजेला भाऊ ववाळनीत मरळीची जोडी घालतो. ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं आनायची, जिती राहती. ववाळून झालं की डोहात सोडायची. हितल्या आमी चार सुना त्याच गावच्या हावोत. लई मरळी झाल्या मंग."

दोन-चार आयांच्या लेकी! एवढी शिकलेली मी, आणि दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून 'हे मासे आले कुठून' एवढं साधं विचारलं नाही. कुणाला विचारावं असं वाटलंच नाही, याचीच लाज वाटली. नदी कधीच तुटली होती. जोडून ठेवली होती ती चार भावांनी.

"ह्या साली आणली का जोडी?"

"कुठली? भाऊ हैदराबादला गेला कामाला. बाकीच्यांचे बी तिकडंच. तीन भाऊबीजा झाल्या, पैसे धाडत्यात फोनवरून."

तिथूनच मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "हे प्रबंधात आहे का? नाही ना? मग राहू दे. परीक्षकांना कोण सांगणार आहे?"

"पण मला सांगितलंय ना, सर!" मी इतक्या जोरात बोलले की डोहावर धुणं धुणारी बाई वळून बघायला लागली. "शेवटचं प्रकरण मी पुन्हा लिहितेय. सहा महिने गेले तर गेले."

फोन ठेवला. आता मुदतवाढ मागायची, आईला काय सांगायचं, सर बोलतील तरी का पुन्हा, सगळं एकदम डोक्यात घुसलं.

मावशींनी सगळं ऐकलं होतं. "मंजी आपसूक येत न्हाईत त्या?"

"न्हाई, मावशी."

"अन् कोनी आनल्या न्हाईत, अन् पुन्ना डोह वाळला, तर?"

त्यांनी पाण्याकडं बघितलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "तू नेलं हुतंस न्हवं बाटल्यांत भरून, नांदेडला? त्यातून हुतील का जित्या मरळी?"

"न्हाई, मावशी," मी म्हणाले. "नुसते तुकडे हायत."