नवव्या चालीचं उत्तर

छातीत पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा मी मलकपेठेत एका मित्राकडे बुद्धिबळ खेळत होतो. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा मागवला, तो पीत डाव पुरा केला आणि जिंकलोसुद्धा. हात मिळवताना डावा खांदा बधिर झाल्याचं लक्षात आलं. डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आला असतात तर बरं झालं असतं. तेव्हापासून छातीत साधी चमक आली तरी मला दरदरून घाम फुटतो, कारण मी एकदा ओळखायला चुकलेला माणूस आहे.

स्टेंट बसून सहा महिने झाले आणि नामपल्लीतल्या एका सभागृहात रविवारची स्पर्धा लागली. बायकोनं परवानगी दिली ती अट घालून. तिला उंट आणि घोडा यांतला फरक सांगता येत नाही, पण तीस वर्षं माझी आरडाओरड ऐकून एक शब्द तिला पक्का ठाऊक आहे.

"काळे मोहरे आले तर ते सिसिलियन नक्को," ती म्हणाली. "तेच खेळताना झालं होतं नं?"

सिसिलियन म्हणजे काळ्यानं पहिल्याच चालीला भांडण उकरून काढणं. मी "हौ" म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. ती माझ्याबरोबर आली आणि सभागृहाबाहेरच्या बाकावर बसली. मांडीवरच्या पिशवीत पाणी, बोटाला लावून ठोके मोजायचं यंत्र आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या.

शेवटच्या फेरीत काळे मोहरे आलेच. समोर बारा-तेरा वर्षांची मुलगी, पाय जमिनीला जेमतेम टेकणारी. तिनं राजापुढचं प्यादं सरकवलं. मीही राजापुढचंच खेळायचं ठरवून आलो होतो. हात मात्र सवयीनं उंटापुढच्या प्याद्यावर जाऊन बसला. स्पर्धेत हात लावला की तेच खेळावं लागतं. तरीही ते एकच घर पुढे ठेवलं असतं तर डाव शांत राहिला असता आणि वचनही मोडलं नसतं. मी दोन घरं सरकवलं. माझा हात माझ्यापेक्षा उद्धट आहे, दुसरं काय.

पोरगी तयारीची निघाली. भराभर चाली झाल्या. नवव्या चालीला तिनं वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला. माझा राजा आधीच दुसऱ्या बाजूला जाऊन बसला होता. आता तिची त्या बाजूची प्यादी माझ्या राजावर धावून येणार, हे मला दिसत होतं.

माझ्यापुढे दोन उत्तरं होती. वजिरापुढचं प्यादं मध्यावर ढकलायचं, ते बळी द्यायचं आणि सगळा पट उघडा करायचा. नाहीतर उंट एक घर पुढे काढायचा आणि ती काय करते ते बघायचं. पूर्वी मी इथे क्षणभरही थांबलो नसतो. आता मी उंटाकडे बघत होतो, पुन्हा प्याद्याकडे बघत होतो, आणि छातीच्या मधोमध काहीतरी आवळलं.

हृदय की डाव? मला कळेना. डावा हात जड वाटला, मग उजवाही जड वाटला. उठलो तर लोक बघतील याची भीती, न उठलो तर मागच्यासारखं होईल याची त्याहून मोठी. घड्याळ माझंच चालू होतं.

मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, तबियत ठीक है?"

मी पंचांची परवानगी घेऊन बाहेर गेलो. बायकोनं माझ्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं आणि यंत्र बोटाला लावलं. आकडा स्थिरावेपर्यंत आम्ही दोघं यंत्राच्या लाल दिव्याकडे बघत राहिलो.

"ठोके थोडे जास्तीचे आहेत, बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "दुखायलंय?"

"दुखत नाही. आवळल्यासारखं होतंय." मग मी कबूल केलं, "सिसिलियन झालं. हात गेला."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती दाराकडे बघत होती.

"मग आता काय अडलंय?"

"एक चाल भीतीची आहे, एक बिनभीतीची. बिनभीतीची खेळायला भीती वाटते."

"भ्यायचंच होतं तर घरी बसून भ्यायचं. इथवर यायची तकलीफ कशाला?" ती म्हणाली. "जावा. मी आहे इथं."

मला तिचा रागच आला. अट तिनंच घातली होती आणि आता हिला काहीच कसं वाटत नाही! त्या रागातच आत गेलो आणि वजिरापुढचं प्यादं ढकललं. लगेच घड्याळाची कळ दाबली.

पुढे दीड तास डाव चालला. आवळणं कधी थांबलं ते कळलं नाही. मधूनमधून आठवण आली की परत भीती वाटायची, पण तोवर पोरीची चाल आलेली असायची. शेवटी मी हरलो. मुलीनं हात पुढे केला, तो मी नीट दाबून मिळवला. दोन्ही खांदे जाग्यावर होते.

बाहेर आलो. बायको तिथेच, त्याच बाकावर, दाराकडे तोंड करून बसली होती.

"हरलो," मी म्हणालो आणि तिला उठवायला हात पुढे केला. तिनं डावा हात दिला. उजव्याची मूठ काही सुटेना. मीच ती उघडली. पाकिटातून आधीच काढून ठेवलेली गोळी घामानं विरघळून तिच्या तळहाताला चिकटली होती.