सेनोबियाच्या कॅमेऱ्याचा आकडा

सेनोबिया चोके पोहोचली नाही असं लग्न कियाकोयो गावात शोधून सापडलं नसतं. नवरा-नवरी चर्चच्या पायऱ्या उतरू लागले, की ही बाई त्यांच्यासमोर उलट्या पावलांनी चालायची आणि शटरची टकटक सुरू. "भरपूर काढावेत," ती म्हणायची, "मग नवरीचे डोळे उघडे असलेला एक तरी निघतो."

एकदा कॅमेऱ्यात धूळ गेली म्हणून ती एलियोदोरोकडे गेली. बाजारामागच्या गल्लीत तो कॅमेरे दुरुस्त करायचा. त्याच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा. त्यानं धूळ काढली, एक फोटो घेऊन कॉम्प्युटरवर तपासला आणि गालातल्या गालात हसला.

"कोमाद्रे, तीन लाखांच्या वर गेलीस."

"कशाच्या?"

"बटण दाबण्याच्या. दर फोटोला आतला पडदा उघडतो, मिटतो. कॅमेरा तेवढं मोजून ठेवतो. बनवणारे म्हणतात, दीड लाखापर्यंत काळजी नको."

"मग हा चालतोय कसा?"

"तुझ्यासारखाच. कुणाचं ऐकत नाही."

तो हसत होता, पण सेनोबियानं कॅमेरा लगेच बंद करून पिशवीत टाकला. त्या दिवसापासून तिचा हात आखडला. पुढच्याच बाप्तिस्म्याला ती इतकी जपून फोटो काढू लागली, की बाळाची आजी म्हणाली, "काय गं, आज कॅमेऱ्याचा उपास आहे का?"

मग लग्न आलं. नवरीचे आजोबा, दॉन सातुर्निनो, काठीशिवाय दोन पावलं टाकत नसत. बँडनं क्वेका या रुमालनाचाची धून धरली आणि म्हातारबोवांनी काठी सुनेच्या हातात दिली, खिशातून रुमाल काढला आणि ते थेट रिंगणात शिरले. सेनोबिया कॅमेरा डोळ्याला लावून नेमक्या क्षणाची वाट बघत राहिली. वाट बघता बघता आजोबा खाली बसलेसुद्धा.

नवरी धावत आली. "दोन्या सेनोबिया, आजोबा नाचताना मिळाले ना?"

सेनोबियाला खोटं बोलवेना. ती तडक म्हाताऱ्यापाशी गेली. "दॉन सातुर्निनो, माझी कंजुषी नडली. एकदा परत नाचाल?"

"आधी चिचा आण," आजोबा म्हणाले. "गुडघ्यांना विचारावं लागेल."

गुडघ्यांनी पेलाभर चिचेवर, म्हणजे मक्याच्या दारूवर, होकार दिला. या खेपेला सेनोबियानं बटणावरचं बोट उचललंच नाही. आजोबांनी गिरकी घेतली, रुमाल उंच गेला आणि कॅमेऱ्यातून खट्ट असा आवाज आला. त्यानंतर सगळे फोटो काळे. तिनं आधीचे बघितले, तर गिरकी होती, रुमाल होता, म्हाताऱ्याचं बोळकं हसूही होतं. ती मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली.

सोमवारी एलियोदोरोनं कॅमेरा उघडून आतल्या पडद्याची तुटलेली पाती दाखवली. "तो आकडा म्हणजे टॅक्सीचे किलोमीटर, कोमाद्रे. किती धावली ते कळतं, कुठे बंद पडेल ते नाही. पडदा नवा बसवतो, झालं."

"मग आकडा शून्यावर येणार?"

"या कॅमेऱ्यात नाही. जुनाच पुढे चालेल. विकलास तर घेणाऱ्याला आकडाही सांग, नवा पडदाही."

"विकतंय कोण?"

आजोबांचा तो फोटो आता नवरीच्या घरी समोरच्या भिंतीवर आहे. फक्त आजोबांची एक तक्रार आहे: त्यात माणसापेक्षा रुमालच रुबाबदार दिसतो.