राज्यकर्त्याच्या नावाची पट्टी

आमच्या सिनेगॉगच्या भिंतीवर राज्यकर्त्यासाठी दर शनिवारी म्हणायची प्रार्थना टांगलेली आहे. तिच्यावर चिकटवलेल्या, सध्याच्या राज्यकर्त्याच्या नावाच्या कागदी पट्टीचं टोक काल पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं. खाली छापलेलं इंग्रज राजाचं नाव मधूनच डोकावत होतं. बाहेर प्रचाराचा कर्णा कोकलत होता. राजांना बसवणारा आणि उठवणारा तो एक देवच, हे मी लहानपणापासून म्हणत आलोय. मग निवडणुकीच्या धास्तीनं माझीच झोप का उडते? ती फडफड सहन होईना. उठून मी पट्टी अंगठ्यानं दाबू लागलो. तेवढ्यात शेजारी बसलेले शलोमकाका म्हणाले, “राहू दे रे. आम्ही मुद्दाम एकाच टोकाला खळ लावतो. परत बदलावी लागतेच ना!”