जाळीचे डोळे

फेब्रुवारी १९९९, गुरुवार, सकाळी अकरा. हजर: मी, आमचे शिवणकाम करणारे मास्तर, पेठकडच्या डोंगरातले एक बाबा आणि त्यांची लेक. शिवाय टोपलीत, गोधडीत गुंडाळलेला, नरसिंहाचा मुखवटा.

वहीतली नोंद एवढीच आहे. लेकीने मुखवटा बाहेर काढण्याआधी चपला दाराबाहेर ठेवल्या, ते पाहून मास्तरांनी मशीनच्या पायट्यावरचा पाय काढून घेतला, हे मी लिहिलेलं नाही, पण लक्षात आहे.

नाशकात आमचं पोशाख भाड्याने देण्याचं दुकान होतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग असायची आणि फेब्रुवारी जायचा धुण्यात, दुरुस्तीत आणि हरवलेल्या वस्तूंच्या याद्या करण्यात. त्या वर्षी वाघाच्या तीन शेपट्या आणि अस्वलाचा एक पंजा परत आला नव्हता. मी इतकी दमलेली होते की दारात नवीन माणूस दिसला तरी कंटाळा यायचा.

लेक द्राक्षाच्या बागेत कामाला निफाडकडे आली होती. बागवाल्यांच्या मुलीच्या गॅदरिंगमध्ये तिने आमचा वाघ पाहिला. वाघाच्या तोंडाला डोळ्यांची भोकं नव्हती, तरी तो स्टेजभर धावत होता. तिने चौकशी करून आमचा पत्ता काढला आणि सुट्टी घेऊन वडिलांना बोलावून घेतलं.

त्या वाघामागे एक गाजर होतं. काही वर्षांपूर्वी बालवर्गातली एक मुलगी आमच्या गाजराच्या पोशाखात, डोळ्यांच्या बारीक भोकांतून नीट न दिसल्याने, स्टेजवरून खाली पडली. फार लागलं नाही, पण तिच्या आईने मला जे सुनावलं ते रास्त होतं. भोकं मोठी केली तर शाळेच्या बाई म्हणायच्या, गाजराला माणसाचे डोळे दिसतात. मग मी आणि मास्तरांनी बरंच कापड वाया घालवून एक रीत बसवली. मच्छरदाणीची जाळी कशिद्याच्या रिंगमध्ये ताणायची. आधी ती काळी करायची. मग फक्त बाहेरच्या बाजूने स्पंजच्या तुकड्याने टिपत दाट रंग द्यायचा. ब्रश वापरायचा नाही, त्याने रंग भोकांत बसतो. रंग ओला असतानाच मागून फुंकर मारायची, म्हणजे बुजलेली भोकं उघडतात. बघणाऱ्याला नुसता रंग दिसतो, आणि आतल्याला सगळं दिसतं, फक्त संध्याकाळ झाल्यासारखं. अट एकच: आत अंधार, बाहेर उजेड. पहिल्या खेपेला मी आतली बाजू पांढरी ठेवली, तर मुखवट्यात धुकं भरल्यासारखं झालं.

तेव्हापासून दुकानात "फुंकर मारली का?" हा प्रश्न कशालाही विचारला जाई. मास्तर चहा आणणाऱ्यालासुद्धा विचारत.

बाबांचं काम वेगळं होतं. त्यांच्या गावात बोहाडा होतो. देवांची सोंगं एकेक करून वाजंत्र्यांपुढे नाचत येतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे ठरलेलं असतं. नरसिंह बाबांच्या घरात. मुखवट्याचे मोठे लाल-पांढरे डोळे नुसते रंगवलेले होते, नाचणाऱ्याने त्यांच्याखालच्या वाटाण्याएवढ्या दोन भोकांतून बघायचं. बाबांची नजर अधू झाली होती. तेवढ्या भोकांतून त्यांना मशालीचा ठिपका तेवढा दिसे. मुलगा नव्हता. ते नाचले नाहीत तर सोंग चुलतभावाच्या घरी जाणार होतं, आणि एकदा गेलेलं सोंग परत येत नाही, असं लेक म्हणाली.

मी सांगितलं, रंगवलेले डोळे पूर्ण कापून काढावे लागतील आणि तिथे जाळी बसवावी लागेल. देवाचे डोळे कापायचे, हे लेकीला पटेना. मास्तरही माझ्याकडे बघेनात.

बाबांनी मुखवट्यावरून हात फिरवला. म्हणाले, "देवाला दिसतं गं. मला नाय दिसत."

कापायचं काम त्यांनीच केलं. मी फक्त खूण करून दिली.

जाळीवर डोळे रंगवून बाकी मुखवट्याला नवा रंग द्यायला आम्हाला चार दिवस लागले. मुखवट्याच्या मागून काळं फडकं लावलं, आत अंधार राहावा म्हणून. रविवारी बाबा आले. मुखवटा चढवला आणि दुकानातून फिरले. मास्तरांनी मुद्दाम जमिनीवर एक बटण टाकलं होतं, ते बाबांनी वाकून उचललं. मग दाराशी जाऊन उभे राहिले. समोरच्या ओट्यावर कोण बसलंय, हातात काय आहे, सगळं सांगत बसले. पंधरा मिनिटं त्यांनी मुखवटा काढला नाही.

निघताना मी माझी छापील चिठ्ठी दिली, सगळ्या पोशाखांबरोबर जायची तीच. धुऊ नये. इस्त्री करू नये. घडी घालू नये. उन्हात वाळवू नये. टाचणी लावू नये.

त्या वर्षी ते नाचले. पावसाळ्यानंतर लेक वरईची पिशवी घेऊन आली आणि हसत सांगत राहिली. चुलते मुखवट्याभोवती फिरून भोकं शोधत होते, शेवटी एकाने तोंडासमोर हात हलवून पाहिला, तर नरसिंहाने त्याचा हात धरला. गावात म्हणे चिडवतात, म्हाताऱ्याला देवाची नजर आली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती पुन्हा आली, तेव्हा टोपली तीच होती. चपला बाहेर काढून तिने मुखवटा माझ्यापुढे ठेवला. डोळे चकचकीत होते, ताजे, लालभडक.

बोहाड्याआधी मुखवट्यांना नवा रंग द्यायची त्यांची पद्धत आहे. जुन्या रंगाचा देव नाचवत नाहीत. आदल्या वर्षी देव आमच्याकडूनच परस्पर रंगून गेला होता, म्हणून हा प्रश्न आला नाही. यंदा लेकीने स्वतः ऑइलपेंट आणला आणि मुखवटा रंगवला. डोळ्यांना तीन हात दिले, कारण जाळीवर रंग नीट बसत नव्हता. एकही भोक दिसेनासं झालं तेव्हा तिला बरं वाटलं; आमच्या डोळ्यांतही बाहेरून भोक दिसत नव्हतं.

बाबांनी मुखवटा ऐन वेळी चढवला. चढवलेला मुखवटा नाच पुरा होईपर्यंत काढायचा नसतो, म्हणून काहीच दिसेना तरी त्यांनी तो तसाच ठेवला. संबळाच्या आवाजावर अंदाज धरून नाचले. दुसऱ्या फेरीत संबळवाल्यावरच जाऊन आदळले. लोक हसले. मग चुलतभावाने दंड धरला आणि उरलेल्या फेऱ्या त्यांना आंधळ्यासारखं फिरवून आणलं. त्यानंतर गावाने ठरवलं की पुढच्या खेपेला बाबा कोणाच्या हाताशिवाय नाचले तर सोंग त्यांचं, नाहीतर चुलतभावाचं.

हे तिने शांतपणे सांगितलं. मग पदराच्या गाठीतून माझी चिठ्ठी काढली आणि काउंटरवर पसरली. घड्या पडल्या होत्या, पण फाटली नव्हती.

"मी सगळं पाळलं, ताई," ती म्हणाली. "रंगाचं यात नव्हतं."

खरंच नव्हतं. भाड्याने नेलेला पोशाख कोणी रंगवत नाही, म्हणून मला कधी सुचलं नाही. मी पेन घेऊन खाली सहावी ओळ लिहिली. तिच्यापुढे लिहायला नको होती.

उजवा डोळा त्याच महिन्यात झाला. मास्तरांनी जुनी जाळी उसवली, नवी बसवली, मी रंगवली. डाव्याच्या वेळी जाळी कमी पडली. बाजारात आता बारीक नायलॉनची जाळी येते, तिची भोकं फुंकर मारूनही उघडत नाहीत. मी दोन-तीन दुकानांत विचारलं आणि मनमाडच्या एका दुकानदाराकडे निरोप ठेवला. मग गॅदरिंगची कामं सुरू झाली. मग मास्तर सटाण्याला मुलीकडे राहायला गेले. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी मनात आणलं असतं तर एका डोळ्यापुरती जाळी कुठल्याही घरातल्या जुन्या मच्छरदाणीतून निघाली असती. मी दमले होते, आणि ते काम पाहिलं की चिठ्ठी आठवायची.

बोहाडा आला आणि गेला. त्या खेपेला नरसिंह चुलतभाव नाचला, दुसरा मुखवटा घालून. लेकीने तो निरोप आणला तेव्हा मला वाटलं, आता ती मुखवटा घेऊन जाईल. तिने नेला नाही. ती अजूनही द्राक्षाच्या दिवसांत येते, दारात चपला काढते, मुखवटा झाकलेला आहे ना ते बघते. गेल्या खेपेला म्हणाली, "घाई नाय, ताई. पण बाबा इचारतो, दुसरा डोळा झाला का. झाला तर तो अंगणातच एकदा घालून बघणार हाय."

मी वही बदलते तेव्हा राहिलेली कामं नव्या वहीत उतरवते. या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर चौथी ओळ अशी आहे:

नरसिंह, डावा डोळा. जुनी मच्छरदाणी मिळवणे. काळी करणे. रंग, फक्त बाहेरून. फुंकर.